परसोंची वाटणी

हैदराबादेत 'परसों' हा शब्द फार दिलदार आहे. शब्दकोशात त्याचा अर्थ परवा. चारमिनारच्या सावलीत मात्र कालपासून थेट निजामाच्या अमदानीपर्यंत घडलेली कुठलीही गोष्ट 'परसों'च घडलेली असते. 'परसों भेटले होते' म्हणजे मागच्या दिवाळीत, आणि 'परसोंच लग्न झालं' म्हणजे त्या नवरीची मुलगी आता इंजिनिअरिंगला आहे. बाहेरगावचे लोक यावर हसतात. पण वाटणीचा दावा घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला यात हसण्यासारखे काही वाटत नाही. त्याचा दावा खरोखरच परसोंचा असतो.

उदाहरण म्हणून पायगा घराण्याची वाटणी घ्यावी. पायगा म्हणजे निजामाच्या पदरचे सर्वांत मोठे सरदार. आपल्याकडची घोड्यांची 'पागा' ती हीच, फक्त यांच्या पागेत घोड्यांबरोबर अख्खे तालुकेही बांधलेले असत. यांपैकी खुर्शीद जाह यांच्या मागे राहिलेल्या मिळकतीची वाटणी व्हावी म्हणून १९५५ साली हैदराबादच्या दिवाणी न्यायालयात दावा लागला. पुढे तो हायकोर्टात गेला आणि १९५८ चा सातव्या क्रमांकाचा दिवाणी दावा म्हणून ओळखला जाऊ लागला. प्राथमिक हुकूमनामा १९६३ साली झाला. 'प्राथमिक' या शब्दावर त्या वेळी कुणी फारसे थांबले नसावे. त्याच दाव्यातून फुटलेली हैदरनगरच्या जमिनींची प्रकरणे सर्वोच्च न्यायालय २०२३ साली ऐकत होते. दावा दाखल झाला तेव्हा राज्य होते हैदराबाद. तो वयात आला आंध्र प्रदेशात आणि म्हातारा झाला तेलंगणात. तीन राज्ये झाली, दावा एकच. जागा न सोडता एवढा प्रवास केलेला दुसरा हैदराबादी दाखवणे कठीण आहे.

मेलेल्या माणसाने मागे ठेवलेल्या मिळकतीला इथल्या कोर्टाच्या भाषेत 'मतरुका' म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द परका वाटला तरी वाटणीचे बाकीचे सामान आपणही त्याच दुकानातून आणलेले आहे. वारस, हिस्सा, हक्क, दावा, वकील, तारीख, दस्त, कब्जा, फैसला हे सगळे फारसी-अरबीतून आले. 'भांडण' तेवढे घरचे.

काचीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत हे सामान आणि घरचे भांडण दोन्ही मुबलक. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि नंतर राज्यात होता. त्यामुळे अनेक कुटुंबांची नोकरी हैदराबादेत आणि शेती नांदेड-परभणीकडे अशी विभागणी झाली. राज्य पुनर्रचनेने ती दोन राज्यांत वाटली. सरकारने एका रात्रीत केलेली ही वाटणी पार पडली, घरातली मात्र अजून व्हायची आहे. हैदराबादचे घर धाकट्याच्या नावावर, गावची जमीन आजोबांच्या नावावर, आणि आजोबा १९७२ च्या दुष्काळाच्या आधीच गेलेले. सातबारावर ते अजून उभे पीक घेत आहेत.

अशा घरात मृत्युपत्राचा विषय काढायचा कसा, हा खरा प्रश्न आहे. दोष काही अंशी शब्दाचाही आहे. 'मृत्युपत्र' म्हटले की थेट यमाच्या कचेरीतून आलेला लखोटा वाटतो. हे जाणून सुधारक मंडळींनी 'इच्छापत्र' असा मवाळ शब्द काढला, तर तो मुंजीच्या निमंत्रणासारखा वाटतो. उर्दूतले 'वसीयत' ऐकले की आता कुणीतरी गझल म्हणणार असा भास होतो. शेवटी सगळे जण 'विल' म्हणतात आणि तेही आवाज खाली करून. मुलाने विषय काढला तर 'याला घाई झालीय' असा अर्थ निघतो. सुनेने काढला तर अर्थ काढण्याचीही गरज उरत नाही. जावई विषय काढत नाही, तो फक्त चहा पिताना छताकडे बघतो आणि 'कन्स्ट्रक्शन जुनं पण भक्कम आहे' असे म्हणतो.

वास्तविक कायद्याने मृत्युपत्राइतका साधा दस्त दुसरा केलेला नाही. त्याला स्टँप पेपर लागत नाही, कोरा कागद चालतो. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार, एवढे पुरे. नोंदणीही ऐच्छिक आहे. भाडेकरारासाठी याहून जास्त कागद लागतात. पण अडचण अशी की दोन साक्षीदार म्हणजे शेजारचे दोघे, आणि शेजारच्या दोघांना कळले म्हणजे संध्याकाळच्या भजनी मंडळाला कळले. मजकूर त्यांना वाचून दाखवावा लागत नाही, फक्त सही करताना पाहायचे असते, हे कितीही सांगितले तरी कुणाचा विश्वास बसत नाही. कारण न वाचता सही करणारा शेजारी अजून जन्माला यायचा आहे.

मग पुष्कळ जण 'नॉमिनी' नावाच्या उतारपेठेत थांबतात. बँकेच्या फॉर्मवर धाकट्याचे नाव लिहिले की झाले मृत्युपत्र, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. तो धाकटाही पुढची तीस वर्षे त्याच समजुतीत राहतो. नॉमिनी हा मालक नसून पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८३ साली सांगितले. शेअर्सबाबत पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात सांगितले. थोडक्यात, नॉमिनी म्हणजे लग्नात पाकिटे सांभाळायला बसवलेला मामेभाऊ. पाकिटे त्याच्या मांडीवर असतात म्हणून आहेर त्याचा होत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. म्हणजे आता मांडीवर पाकिटे घेऊन चार मामेभाऊ बसतील.

मुलींच्या बाबतीत मात्र हैदराबादच्या मराठी घरांनी पुण्या-मुंबईला मागे टाकले आणि त्याचा त्यांनी कधी गवगवा केला नाही. याचे कारण विनय नसावे. आंध्र प्रदेशाने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हिस्सा दिला, तो ५ सप्टेंबर १९८५ पासून. महाराष्ट्राने हेच केले ते २२ जून १९९४ पासून आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून. म्हणजे काचीगुड्याची अविवाहित मुलगी सदाशिव पेठेतल्या मामेबहिणीच्या जवळजवळ नऊ वर्षे आधी हिस्सेदार झाली. 'अविवाहित' हा शब्द महत्त्वाचा, कारण कायदा लागू झाला त्या दिवशी जिचे लग्न झालेले होते तिला या सुधारणेचा लाभ नव्हता. चार सप्टेंबरला बोहल्यावर चढलेल्या मुलीने नंतर त्या मुहूर्ताकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, हे पंचांगकर्त्यांनी विचारात घेण्यासारखे आहे.

पण वाटणीच्या विषयात सामान्य माणसाचे किस्से सांगणे म्हणजे हैदराबादेत जाऊन वडापाव खाण्यासारखे आहे. इथली खरी बिर्याणी निजामाच्या राजवाड्यात, किंग कोठीत शिजली.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे चित्र 'टाइम' साप्ताहिकाने २२ फेब्रुवारी १९३७ च्या मुखपृष्ठावर छापले, ते जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. त्यांच्या काटकसरीच्या कथा हैदराबादेत अजून चवीने सांगितल्या जातात. टोपी वर्षानुवर्षे तीच, सिगारेट स्वस्तातली चारमिनार. मराठी वाचकाला यात फारसे नवल वाटू नये. आपल्याही ओळखीत असे एखादे काका असतात. फरक इतकाच की काकांच्या कपाटात जुन्या पिशव्या निघतात.

या माणसाला वारशाचे शहाणपण आले ते बहुधा वडिलांच्या बुटामुळे. सहावे निजाम महबूब अली खान यांनी सिमल्याचा जवाहिर विक्रेता अलेक्झांडर जेकब याच्याकडून १८९१ मध्ये एका हिऱ्याचा सौदा केला. हिरा होता सुमारे १८५ कॅरटचा. सौदा फिसकटला, प्रकरण कलकत्त्याच्या हायकोर्टात गेले, जेकब फसवणुकीच्या आरोपातून सुटला आणि हिरा शेवटी निजामाकडे राहिला. पण एवढ्या कटकटीने महबूब अलींचे मन त्या हिऱ्यावरून उडाले. त्यांनी तो कुठे ठेवला हे कुणाला सांगितले नाही. १९११ साली ते वारले. पुढे मुलाला तो सापडला तो चौमहल्ला राजवाड्यात, वडिलांच्या जुन्या पादत्राणाच्या टोकात कोंबलेला. सातव्या निजामाने त्याचा पेपरवेट केला असे सांगतात. एका बुटाने कुटुंबाच्या आर्थिक नियोजनाची जी अवस्था उघड केली, ती पाहून कुणीही कागद करायला बसला असता. पेपरवेट हाताशी होताच.

उस्मान अली बसले आणि उठलेच नाहीत म्हणा ना. १९४८ च्या सप्टेंबरात पोलिस कारवाई झाली, संस्थान गेले, आणि राज्यकारभारातून मोकळा झालेला वेळ त्यांनी ट्रस्ट करण्यात घालवला. राजप्रमुखाचे पद १९५६ पर्यंत होते, पण खरे काम हे होते. जवाहिरांचे ट्रस्ट १९५१ आणि १९५२ मध्ये झाले. धर्मादायाचा ट्रस्ट झाला. 'उरल्यासुरल्या संपत्तीचा' म्हणूनही एक ट्रस्ट झाला. हे नाव विनोदी वाटत असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात ते 'फॅमिली रिमेंडर वेल्थ ट्रस्ट' असे सन्मानाने छापलेले आहे. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाचे उरलेसुरलेही ट्रस्टात मावले.

ट्रस्टच का, याला एक सरळ कारण होते. मुस्लिम कायद्यात माणसाला मृत्युपत्राने मिळकतीच्या एक तृतीयांशापुरतीच मोकळीक असते. बाकीचे वारसांमध्ये ठरलेल्या हिश्शांनी जाते. एखाद्या वारसाला त्याहून जास्त द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते. आता एवढ्या मोठ्या कुटुंबात सगळ्यांची संमती मागायची, तर तीही एक निवडणूकच. हैदराबादी उर्दूत नकाराला 'नक्को' म्हणतात. हा शब्द मराठीच्या 'नको'चा सख्खा भाऊ आहे, आणि अशा बैठकीत तो दोन्ही भाषांत सारखाच ऐकू येतो. त्यापेक्षा जिवंतपणीच द्यावे, म्हणजे मरणानंतर कुणाला विचारायला नको.

या ट्रस्टांपैकी २९ डिसेंबर १९५० चा फॅमिली ट्रस्ट वारशाच्या वाङ्मयात अमर व्हावा असा आहे. दर्शनी किंमत नऊ कोटींचे सरकारी रोखे त्यात घातले आणि त्या रकमेचे कागदोपत्री १७५ समान भाग केले. पाच भाग ट्रस्टच्या खर्चासाठी बाजूला. साडेतीन भाग राखीव निधीसाठी. उरलेले एकशे साडेसहासष्ट भाग नातेवाइकांत, परिशिष्टातल्या यादीबरहुकूम वाटायचे.

इथे क्षणभर थांबून त्या साडेतीनला नमस्कार करावा. मराठी माणसाचे मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठे साडेतीन आणि शहाणेही साडेतीन. त्या शहाण्यांतला एक, विठ्ठल सुंदर, निजामाचाच दिवाण होता. तो १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत पडला. जवळजवळ दोनशे वर्षांनी निजामाच्या ट्रस्टात राखीव म्हणून साडेतीन भाग निघावेत, हा योगायोगच. पण हिशेब करणाऱ्याची दृष्टी दाद देण्यासारखी. तीन कमी पडतील आणि चार म्हणजे उधळपट्टी, हे कुणाला तरी मनापासून वाटले असणार. आणि ज्या नातेवाइकाच्या वाट्याला अर्धा भाग आला असेल, त्याचे त्या दिवशीचे जेवण कसे गेले असेल? पंगतीत अर्धी पुरणपोळी वाढली तर आपल्याकडे पिढीभर बोलणे बंद होते. इथे अर्धा भाग म्हणजे अडीच लाखांहून जास्त होता, पण अर्धा तो अर्धाच.

एवढे करून कर चुकला का? त्या काळी मरणावरही कर होता. १९५३ च्या इस्टेट ड्यूटी कायद्याखाली मोठ्या मिळकतींवर तो सर्वांत वरच्या टप्प्यात पुढे ८५ टक्क्यांपर्यंत गेला. १९८५ साली तो रद्द झाला आणि तेव्हापासून भारतात मरण तेवढे करमुक्त आहे. जिवंत संपत्तीवरचा कर तेव्हा निराळा होता. उरल्यासुरल्याच्या ट्रस्टचा संपत्तिकर कसा मोजायचा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल लागला तो १९७७ साली. तोवर निजामांना जाऊन दहा वर्षे झाली होती.

ते गेले २४ फेब्रुवारी १९६७ रोजी. गादीवर थोरला मुलगा आझम जाह आला नाही. आजोबांनी त्याला वगळून नातवाचे, मुकर्रम जाह यांचे नाव ठरवले होते. नातू तेहतीस वर्षांचा, जन्म फ्रान्समधल्या नीस शहरी, आई शेवटच्या उस्मानी खलिफाची मुलगी. मुलाला वगळून नातवाला देणे हा प्रकार आपल्याकडेही अधूनमधून होतो. त्याने तीन पिढ्या एकाच वेळी दुखावता येतात. वडील आणि आत्या कोर्टात गेले, आणि पाठोपाठ बाकीचेही.

नातवाला नेमके मिळाले काय? विल्यम डॅलरिंपल यांनी लिहिले आहे की नोकर आणि आश्रित मिळून १४,७१८ माणसे मिळाली. नुसते पिण्याचे पाणी आणायला अठ्ठावीस जण, झुंबरे पुसायला अडतीस, आणि आक्रोड कुटायला म्हणून वेगळी माणसे. गॅरेजमध्ये साठ मोटारी, त्यांतल्या चालू चार. हा तपशील वाचला की वारसा म्हणजे मिळकत हा गैरसमज दूर होतो. आजोबांनी जवाहिरांचा ट्रस्ट केला, रोख्यांचा केला, उरल्यासुरल्याचा केला. आक्रोड कुटणाऱ्यांचा करायचा राहिला.

पुढे १९७१ च्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले. नातू ऑस्ट्रेलियात पर्थच्या उत्तरेला मेंढ्यांचे एक प्रचंड कुरण घेऊन तिकडे बुलडोझर चालवण्यात रमला. अनेकांनी त्याला नावे ठेवली. पण चौदा हजार माणसे आणि काही शे दावे एका बाजूला आणि मुकी मेंढरे दुसऱ्या बाजूला असताना शहाण्या माणसाने काय करावे? मेंढीला वकील नसतो. मात्र जे हातात आले ते या ना त्या वाटेने वितळत गेले. खर्च झाले, घटस्फोट झाले, मध्यस्थांचे भले झाले.

आणि इथे या सगळ्या प्रकरणातला खरा चमत्कार सुरू होतो. निजामाच्या कुटुंबात ज्या पैशाला कुणालाच हात लावता आला नाही, तोच तेवढा वाढला.

पोलिस कारवाई संपून दोन-तीन दिवस झाले असतील. २० सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे मंत्री मोईन नवाज जंग यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतले दहा लाख सात हजार नऊशे चाळीस पौंड आणि नऊ शिलिंग पाकिस्तानचे तिथले उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या खात्यात टाकले. रहिमतुल्ला मुंबईच्या प्रसिद्ध रहिमतुल्ला घराण्यातले. संस्थान जात असताना नऊ शिलिंगही मागे ठेवले नाहीत, याला म्हणतात हिशेब. आठवडाभरात निजामांनी बँकेला कळवले की हे आपल्या परवानगीवाचून झाले, पैसे परत करा. बँक म्हणाली, खाते ज्याचे त्याने सांगावे. पाकिस्तान म्हणाले, आमचे. निजाम लंडनच्या कोर्टात गेले. १९५७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की परक्या सार्वभौम राष्ट्रावर इथे दावा चालत नाही. म्हणून दावा थांबला आणि पैसे बँकेत तसेच राहिले.

निजामांचा स्वभाव बघता ते गप्प बसणे शक्य नव्हते. १९६३ साली त्यांनी या अडकलेल्या पैशाचाही एक ट्रस्ट केला, लाभ दोन नातवांना, मुकर्रम जाह आणि मुफख्खम जाह यांना. मग १९६५ साली त्याच पैशावरचा हक्क भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे लिहून दिला. एकच फ्लॅट दोघांना विकण्याची कला हैदराबादेत कुणी आणली याविषयी मतभेद असतील, पण इथे कागद अगदी पक्के होते. मुद्दाम केले की विसरून, कोण सांगणार? पेपरवेटखाली बरेच कागद होते.

कुणाला हात लावता येत नसल्यामुळे तो पैसा पुढची काही दशके व्याज खात बसला. कुणी लग्नासाठी काढला नाही, कुणी कुरण घेतले नाही, कुणाच्या मेव्हण्याने धंद्यात घातला नाही. २०१३ साली पाकिस्ताननेच नवा दावा लावला आणि त्यामुळे सार्वभौमत्वाचे कवच आपोआप गळून पडले. मग भारत आणि दोन्ही नातू आपसांत समझोता करून एका बाजूला आले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला तो त्यांच्या बाजूने. तोवर दहा लाखांचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. पुन्हा साडेतीन! वहीवर मांडून पाहिले तर एकाहत्तर वर्षे, चक्रवाढीने वर्षाला साधारण पाच टक्के. पैसे गेले तेव्हा मुकर्रम जाह चौदा वर्षांचे होते, निकाल लागला तेव्हा पंच्याऐंशी. दाव्याच्या रूपाने ठेवलेली इतकी सुरक्षित मुदतठेव दुसरी नसेल. फक्त मुदत ठेवीदाराच्या आयुष्यात बसत नाही, एवढा एक दोष.

निकालानंतर कुटुंबातले इतर शंभराहून जास्त वारस पुढे आले आणि आमचेही काही निघते म्हणाले. लंडनच्या कोर्टाने २०२० साली प्रकरण पुन्हा उघडायला नकार दिला. नऊ शिलिंगांचे काय झाले, हे कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही. ब्रिटनने १९७१ साली शिलिंगच बंद केले, त्यामुळे तेवढ्या एका रकमेवर तरी कुणाचा दावा उरला नाही.

जवाहिरांचेही असेच. ट्रस्टची अट होती की निजाम आणि थोरला मुलगा हे दोघे गेल्याशिवाय विक्री करायची नाही. आझम जाह १९७० साली गेले. मग विकायचे तर देशाबाहेर जाऊ द्यायचे नाही म्हणून सरकार आडवे आले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि १७३ नग मुंबईच्या बँकेच्या तिजोरीत वाट पाहत राहिले. १९९५ साली सरकारने ते २१८ कोटी रुपयांना घेतले. बुटातला हिरा त्यातच होता. आता तो सरकारी आहे आणि रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत असतो. काही वर्षांनी प्रदर्शनाला बाहेर येतो, माणसे रांगेत उभी राहून बघतात आणि बाहेर पडून मिरची भजी खातात.

एक दंतकथा मात्र या हिशेबी माणसावर अन्याय करते. १९६५ च्या युद्धात निजामांनी देशाला पाच टन सोने दान दिले, असे व्हॉट्सॲपवर दर सहा महिन्यांनी फिरते. माहिती अधिकाराखाली विचारणा झाली तेव्हा दानाची नोंद निघाली नाही. निघाली ती ४२५ किलो सोन्याची, संरक्षण सुवर्ण रोख्यांत गुंतवलेल्या, साडेसहा टक्के व्याजाने. देशावर संकट, सोने हवे, दिले. पण पावती घेतली आणि दर विचारला. मध्यमवर्गीय मराठी माणसाला आपला वाटावा असा निजामाच्या चरित्रातला हा एकमेव प्रसंग आहे.

आता मुसी नदीच्या काठावरच्या दुसऱ्या घराण्याकडे वळावे. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, तरुणपणी दोनेक वर्षे निजामाचे पंतप्रधान होते. पुढे त्यांनी आयुष्यभर एकच काम केले, वस्तू गोळा करणे. घड्याळे, तलवारी, हस्तिदंत, गालिचे, पोथ्या, चिनी मातीची भांडी. कुणी काही विकायला आणले की घ्यायचे. लग्न केले नाही. २ मार्च १९४९ रोजी ते वारले तेव्हा पोटचा वारस नव्हता, पण घर चाळीसेक हजार वस्तूंनी भरलेले होते. म्हणजे तयारी शून्य आणि सामान अमाप. पायगांच्या मापाने हा दावा अजून तीनशे वर्षे सहज चालला असता.

झाले उलटेच. सरकारने इस्टेटीवर समिती नेमली, सामान जिथल्या तिथे, दिवाण देवडीतच मांडले गेले, आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंनी येऊन संग्रहालय उघडले. नातेवाईक होते, दावेही होते. पण पुढे त्यांनी हायकोर्टात तडजोड केली आणि संग्रह देशाला दिला. १९६१ साली संसदेने त्याचा कायदा केला, १९६८ साली नवी इमारत झाली. हे का जमले, याची गंभीर कारणे इतिहासकार देतील. एक शक्यता अशी की वाटणीला बसलेल्या मंडळींनी चाळीस हजार वस्तूंची यादी बघितली, मोजायला सुरुवात केली आणि तिसऱ्या दिवशी चहाला उठले ते परत आलेच नाहीत. एकशे पंचाहत्तर भाग करता येतात. त्या संग्रहातल्या 'बुरख्यातली रिबेका' या संगमरवरी पुतळ्याचे साडेतीन भाग कसे करणार? चेहरा एकाला आणि जाळी दुसऱ्याला?

त्या संग्रहालयात एक संगीत घड्याळ आहे. दर तासाला आतल्या दारातून एक छोटा माणूस बाहेर येतो, जितके वाजले तितके टोले देतो आणि निघून जातो. एवढ्यासाठी शेकडो माणसे बाकांवर जागा धरून बसतात. ज्यांना टोले जास्त हवेत त्यांनी दुपारी बाराला जावे, आधी पंधरा मिनिटे, नाहीतर पुढच्या रांगेत जागा मिळत नाही. शुक्रवारी संग्रहालय बंद असते.